सालीवरचे करडे शैवाक आणि मादागास्करचा रंगीत शॅमेलिऑन

रानजोगी :

मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर राहणारा पँथर शॅमेलिऑन आणि कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर बाल्सम फर या वृक्षाच्या सालीवर वाढणारे ‘एरिओडर्मा पेडिसेलॅटम’ हे शैवाक, म्हणजेच लायकेन, यांची तुलना करण्यासाठी हा धागा काढत आहे. पहिल्याची छायाचित्रे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असतील. दुसऱ्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या कानावर आलेले नसेल. तरीही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत पँथर शॅमेलिऑन ‘किमान चिंता’ या गटात आहे, आणि हे शैवाक २००३ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदले गेले. त्या वेळी जगातील हजारो शैवाकांपैकी अवघी दोन त्या यादीत आली होती. दुसरे होते फ्लोरिडातील वालुकामय जमिनीवर वाढणारे ‘क्लॅडोनिया पर्फोराटा’.

माझे म्हणणे असे आहे की एखाद्या जीवावरील संकट किती गंभीर आहे हे ठरवताना त्याच्या जगण्यासाठी किती गोष्टी एकाच जागी आणि एकाच वेळी जुळून याव्या लागतात, हे आधी पाहिले पाहिजे. आपण मात्र जो जीव डोळ्यांत भरतो त्याची काळजी आधी करतो.

प्रथम रंगाविषयी लिहितो, कारण रंग बदलणे ही या दोघांना जोडणारी खरी गोष्ट आहे. शॅमेलिऑन ज्या पानावर बसतो त्या पानाचा रंग घेतो ही समजूत फार जुनी आहे. पँथर शॅमेलिऑनच्या नराचा रंग मात्र मुख्यतः समोर कोण आहे यावर बदलतो. प्रतिस्पर्धी नर आला किंवा मादी दिसली, की काही मिनिटांत त्याचे हिरवे अंग पिवळे किंवा नारिंगी होते, निळे पट्टे पांढरट होतात आणि तांबडा रंग अधिक उजळतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये यामागची यंत्रणा उलगडून दाखवली. त्याच्या त्वचेत इरिडोफोर नावाच्या पेशींचे दोन थर असतात आणि त्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असताना वरच्या थरातील हे स्फटिक एकमेकांच्या जवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. त्यावर त्वचेतील पिवळे रंगद्रव्य आले की आपल्याला हिरवा रंग दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि परावर्तित होणारा प्रकाश पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. खालच्या थरातील स्फटिक मोठे आणि कमी शिस्तीत मांडलेले असतात. ते सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांचा बराच भाग परतवतात, म्हणून हा थर उष्णतेपासून संरक्षण देत असावा असे संशोधकांनी मांडले आहे.

एरिओडर्माचा रंगही बदलतो. कोरड्या हवेत ते करडे-तपकिरी दिसते आणि त्याच्या वर वळलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. पाऊस किंवा धुके आले की तेच शैवाक निळसर पाटीच्या रंगाचे होते. ओलाव्यामुळे वरचा कवकाचा, म्हणजे बुरशीचा, थर पारदर्शक होतो आणि आत राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे निळ्या-हिरव्या शैवालांचा, रंग बाहेर दिसू लागतो. हा रंग कोणाला उद्देशून दाखवलेला नाही. आत पाणी पोहोचले आहे आणि प्रकाशसंश्लेषण सुरू झाले आहे, एवढेच तो सांगतो.

आता गरजांकडे येतो. पँथर शॅमेलिऑनला घनदाट आदिम जंगल लागतेच असे नाही. रस्त्याकडेची झुडपे, बागा, मळे, रानाच्या कडा अशा माणसाने बदललेल्या जागी तो चांगला जगतो. नोसी बे बेटावर तर रस्त्यांच्या कडेला त्याची संख्या जंगलाच्या आतल्या भागापेक्षा अधिक आढळली. माणसाने नेऊन सोडल्यावर तो रियुनियन आणि मॉरिशस बेटांवरही रुजला. एरिओडर्माला मात्र थंड, सतत दमट असे जुने फरवन लागते, स्वच्छ हवा लागते, सालीची आम्लता ठरावीक मर्यादेत लागते आणि योग्य सायनोबॅक्टेरिया जवळ असावा लागतो. यांतील एक गोष्ट गेली, की बाकीच्या असूनही उपयोग होत नाही.

सालपापुद्रा :

धाग्याचा विषय आवडला, पण एक मूलभूत शंका आहे. शॅमेलिऑन हा एक प्राणी आहे. तो मोजता येतो, त्याला नर-मादी आहेत, त्याची पिढी ठरवता येते. शैवाक ही तर कवक आणि शैवाल यांची भागीदारी आहे. सायमन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस हे मांडले तेव्हा त्या काळच्या अनेक शैवाकतज्ज्ञांनी ते मानायला नकार दिला होता. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या बाह्य थरात किण्वासारखे आणखी एक कवक राहते असेही प्रसिद्ध झाले. मग अशा दोन किंवा तीन जीवांच्या वस्तीला आपण ‘जाती’ म्हणून मोजायचे आणि एका सरड्याशी तिची तुलना करायची, हे कितपत योग्य आहे? ‘अतिसंकटग्रस्त’ नेमके कोण आहे, कवक की त्याचा सोबती?

रानजोगी :

@सालपापुद्रा, शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव हे त्यातील कवकाचे नाव असते आणि लाल यादीतील नोंदही त्याच नावाने होते. त्यामुळे यादीपुरते उत्तर सोपे आहे. पण तुमच्या शंकेतच या शैवाकाच्या दुर्मीळतेचे एक मोठे कारण आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अनेक शैवाके आपल्या अंगाचे बारीक कण गळू देतात. त्या कणात कवक आणि शैवाल दोन्ही असतात, त्यामुळे तो कण दुसऱ्या सालीवर पडला की बिऱ्हाड आयतेच मांडले जाते. एरिओडर्मा पेडिसेलॅटमकडे ही सोय नाही. त्याच्या पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी लहान चकत्या येतात आणि त्यांतून केवळ कवकाचे बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येक बीजाणूला नव्या झाडावर पोहोचून आपला सायनोबॅक्टेरिया नव्याने शोधावा लागतो. फरच्या सालीवर फ्रुलानिया नावाची एक यकृतका, म्हणजे मॉससारखी लहान वनस्पती, वाढते. तिच्या पानांखालच्या पाणी धरणाऱ्या बारीक पिशव्यांत तसे सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत, आणि बीजाणूला आपला सोबती तेथेच मिळत असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे एका शैवाकासाठी झाड, यकृतका, सायनोबॅक्टेरिया आणि हवेतील ओलावा, एवढ्यांची गाठ पडावी लागते. शॅमेलिऑनच्या मादीने जमिनीत एका वेळी दहा ते चाळीस अंडी घातली, की पुढचे काम माती आणि ऊब करते.

हॅलिफॅक्सकर :

गेली काही वर्षे मी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात राहतो आणि येथील किनाऱ्यालगतच्या फरवनांत स्थानिक निसर्गमंडळाबरोबर फिरतो, म्हणून या बाजूची थोडी माहिती देतो. हे शैवाक प्रथम १९०२ मध्ये गोळा केले गेले, तेही येथून फार दूर नसलेल्या न्यू ब्रन्सविकच्या कॅम्पोबेलो बेटावर. आज न्यू ब्रन्सविकमध्ये ते आढळत नाही. नोव्हा स्कोशियात ते काही मोजक्या ठिकाणी उरले आहे आणि कॅनडाने २००२ मध्ये या अटलांटिक भागातील समूहाला ‘संकटग्रस्त’ ठरवले. न्यूफाउंडलंडमधील समूह त्या मानाने मोठा आहे. स्वीडनमधून ते नाहीसे झाल्याची नोंद आहे.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते सालीवर सुकून चिकटलेल्या पानासारखे वाटले. जाणकाराने बोट दाखवले नसते तर मी पुढे निघून गेलो असतो. आकार साधारण दोन ते पाच सेंटिमीटर, वरच्या बाजूवर अतिशय बारीक केसांची लव. अशा शैवाकाला मुळे नसतात आणि आतील पाणी रोखून धरणारे मेणासारखे आवरणही नसते. पाऊस आणि धुके जे काही आणते ते सरळ अंगात शिरते. अमेरिकेतील आणि मध्य कॅनडातील कारखान्यांचा, वीजकेंद्रांचा धूर वाऱ्याबरोबर अनेक दशके या किनाऱ्याकडे येत राहिला आणि आम्लपर्जन्य म्हणून उतरत राहिला. सायनोबॅक्टेरिया असलेली शैवाके आम्लाला विशेष नाजूक असतात. त्यात येथील बऱ्याच भागात खडक आणि मातीत चुन्याचा अंश कमी, त्यामुळे आम्ल मारून टाकणारे काही फारसे नाही. १९९१ मध्ये दोन्ही देशांत हवेच्या शुद्धतेविषयी करार झाला, गंधकाचे उत्सर्जन पुष्कळ घटले, पण गेलेले शैवाक परत आलेले दिसत नाही.

वृक्षतोड हे दुसरे कारण. यात तोडलेल्या झाडाबरोबर गेलेले शैवाक हा नुकसानीचा एक भाग आहे. शेजारचे रान उघडे झाले की वारा आत शिरतो आणि उभ्या राहिलेल्या झाडांवरील ओलावाही सुकतो, म्हणून ज्ञात ठिकाणांभोवती तोड न करता पट्टा राखावा लागतो.

न्यूफाउंडलंडमधील तिसरे कारण मला स्वतःला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. त्या बेटावर मूस हा मोठा हरिणवर्गीय प्राणी मुळात नव्हता. १८७८ मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये तो बाहेरून आणून सोडला गेला. आता त्याची संख्या प्रचंड आहे आणि फरची कोवळी रोपे हे त्याचे आवडते खाणे आहे. जुनी झाडे वयाने पडतात, नवी वर येत नाहीत, आणि शैवाकाला पुढच्या पिढीचे झाडच मिळत नाही. एका देखण्या प्राण्याला माणसाने जागा दिली आणि तिची किंमत सालीवरच्या या करड्या जीवाने मोजली.

सरीसृप_निरीक्षक :

शैवाकाविषयी वाचून पुष्कळ नवे कळले. तरीही शॅमेलिऑनच्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘रंगीत म्हणजे सुरक्षित’ असा अर्थ या धाग्यातून कोणी काढू नये.

पहिली गोष्ट पँथर शॅमेलिऑनचीच. अंबिलोबे, अंबांजा, नोसी बे, सांबावा, तामाताव अशा प्रत्येक ठिकाणच्या नरांचे रंग वेगळे असतात. नोसी बेचा नर निळसर हिरवा, तर अंबिलोबेचा तांबड्या-निळ्या पट्ट्यांचा. २०१५ मध्ये तीनशेहून अधिक प्राण्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात असे मांडले गेले की आपण ज्याला एक जाती म्हणतो त्या प्रत्यक्षात अकरा जाती असू शकतात. हे वर्गीकरण सर्वमान्य झाले तर प्रत्येक जातीचा प्रदेश लहान ठरेल आणि ‘किमान चिंता’ हा शेरा प्रत्येकीसाठी पुन्हा तपासावा लागेल.

दुसरी गोष्ट व्यापाराची. शॅमेलिऑनचा रंग हीच त्याची बाजारातील किंमत आहे. ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १९९५ पासून मादागास्करमधून शॅमेलिऑनच्या बहुतेक जातींची निर्यात थांबवली गेली आणि ज्या चार जातींना मुभा राहिली त्यांत पँथर शॅमेलिऑन होता. म्हणजे रंगामुळे त्याला कायद्याचे लक्ष मिळाले हे खरे, पण त्याच रंगामुळे तो पिंजऱ्यातही गेला. एरिओडर्मा विकत घ्यायला कोणी जात नाही.

तिसरे, मादागास्करमध्ये खरोखर संकटात असलेले रंगीत शॅमेलिऑन आहेत. २०१० मध्ये वर्णन झालेला ‘कालुम्मा टारझान’ पूर्वेकडील पर्जन्यवनाच्या उरलेल्या लहान तुकड्यांत राहतो आणि ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. तो उत्तेजित झाला की अंगावर पिवळे-हिरवे पट्टे उमटतात. त्याला पँथर शॅमेलिऑनसारखी रस्त्याकडेची झुडपे चालत नाहीत.

रानजोगी :

@सरीसृप_निरीक्षक, तुमचे तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, आणि कालुम्मा टारझानचे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देते. पँथर शॅमेलिऑन आणि कालुम्मा टारझान दोघेही रंगीत आहेत. एकाला बदललेली जमीन चालते, दुसऱ्याला चालत नाही, आणि म्हणून एक भरपूर आहे व दुसरा संपत आला आहे. गरजांच्या कसोटीवर कालुम्मा टारझान पँथर शॅमेलिऑनपेक्षा एरिओडर्माला अधिक जवळचा ठरतो.

व्यापाराविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. व्यापार दिसतो, मोजता येतो, परवाने देता आणि नाकारता येतात. आम्लपर्जन्य, रानातील ओलावा घटणे, रोपे खाल्ली जाणे ही कारणे कोणत्याही बंदरावर अडवता येत नाहीत. एरिओडर्मा कोणी विकत घेत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने बोलायला व्यापारविरोधाचे साधनही उपलब्ध नाही.

काळवेळ :

तुम्ही दोघांनी जागेचा विचार केला. मला काळाचाही विचार करावासा वाटतो. मादागास्करच्या नैर्ऋत्येकडील शुष्क भागात ‘फर्सिफर लाबोर्डी’ नावाचा पँथर शॅमेलिऑनचा नातेवाईक राहतो. तो अंड्यात आठ-नऊ महिने काढतो आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत वाढून, अंडी घालून मरून जातो. चार पायांच्या प्राण्यांत इतके अल्प आयुष्य ज्ञात नाही. वर्षाचा मोठा भाग ही जाती केवळ मातीतील अंड्यांच्या रूपात अस्तित्वात असते. पँथर शॅमेलिऑन पाळलेल्या अवस्थेत पाच-सात वर्षे जगतो, पण रानात बहुतेकांचे आयुष्य याहून पुष्कळ कमी असते.

ज्याची पिढी वर्षाची, त्याची संख्या एका वाईट हंगामात कोसळू शकते, पण चांगल्या हंगामांत भरूनही येऊ शकते. एरिओडर्माची वाढ अतिशय मंद असते; बीजाणू रुजून, वाढून, पुन्हा चकत्या येईपर्यंत अनेक वर्षे जातात. एखाद्या झाडावर आज शैवाक दिसते याचा अर्थ तेथील परिस्थिती आज चांगली आहे असा होत नाही. ती बऱ्याच वर्षांपूर्वी चांगली होती, एवढेच त्यातून कळते. म्हणून प्रौढ शैवाके मोजून समाधान मानण्यापेक्षा जवळच्या तरुण झाडांवर लहान शैवाके आहेत की नाहीत, हे आधी पाहिले पाहिजे.

मसाल्याचा_डबा :

मी शास्त्राचा अभ्यासक नाही, पण आपल्याकडची बाजू यात यावी असे वाटते. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो ते शैवाकच आहे. त्यात प्रामुख्याने पार्मोट्रेमा वंशातील जाती असतात आणि बाजारात येणारा माल बराचसा हिमालयाच्या रानांतून, विशेषतः उत्तराखंडातून, झाडांवरून खरवडून गोळा केलेला असतो. एका पुडीत कित्येकदा अनेक जाती मिसळलेल्या असतात आणि त्यांत एखादी विरळ जाती गेली तर ती ओळखणार कोण, हा प्रश्न मला या धाग्यामुळे पडला.

आपल्याकडचा शॅमेलिऑन, ज्याला कोकणात घोयरा म्हणतात, तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींसाठी सहावी अनुसूची घातली गेली तेव्हा तीत सहा वनस्पती होत्या. शैवाक एकही नव्हते.

रानजोगी :

@मसाल्याचा_डबा, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. पुडीतील मिसळ ओळखणारे लोक आपल्या देशात आहेत, पण थोडे आहेत. लखनौचे डी. डी. अवस्थी यांनी भारतातील शैवाकांच्या अभ्यासाचा पाया घातला, आणि पुण्यात आजच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन व उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतील शैवाकांवर दीर्घकाळ काम केले. भारतातून दोन हजारांहून अधिक शैवाकांची नोंद आहे. त्यांतील अनेकांची ओळख नुसत्या डोळ्यांनी पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात आणि आतील आम्ले रासायनिक चाचणीने तपासावी लागतात. उत्तराखंडच्या वनविभागाने २०२० मध्ये मुनस्यारी येथे शैवाक उद्यान सुरू केले, तेथे सामान्य माणसाला नावासह शैवाके पाहता येतात. तसे एखादे उद्यान महाबळेश्वर किंवा आंबोलीला व्हावे अशी माझी फार इच्छा आहे.

सालपापुद्रा :

माझ्या पहिल्या शंकेचे समाधान झाले. आता दुसरी विचारतो. एखादा जीव दुर्मीळ आहे, की आपण त्याला पुरेसे शोधलेले नाही, हे कसे ठरवायचे? करड्या जीवाला कोणी शोधतच नसेल तर त्याची नोंद कमीच असणार.

सरीसृप_निरीक्षक :

हा प्रश्न रंगीत जीवांनाही लागू पडतो. ‘फर्सिफर व्होल्ट्झकोवी’ या शॅमेलिऑनची १९१३ नंतर शंभराहून अधिक वर्षे नोंदच नव्हती. २०१८ मध्ये वायव्य मादागास्करमधील काट्सेपी येथे एका हॉटेलच्या बागेत तो पुन्हा सापडला आणि २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच्या मादीवर जांभळा, नारिंगी, तांबडा, हिरवा, काळा, पांढरा असे रंग उमटतात. इतकी रंगीत मादी बागेत फिरत असूनही ती न सापडण्याचे संभाव्य कारण असे सांगितले जाते की हा शॅमेलिऑनही लाबोर्डीसारखा केवळ पावसाळ्याच्या काही महिन्यांपुरताच वावरतो, आणि त्या काळात त्या भागातील रस्ते जाण्यासारखे नसतात.

रानजोगी :

@सालपापुद्रा, एरिओडर्माच्या बाबतीतही अलीकडे असे घडले आहे. पूर्वी त्याचे वास्तव्य अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना आहे असेच मानले जाई. नंतर ते अलास्कात, डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, स्प्रूसच्या झाडांवर सापडले आणि तेथील समूह बराच मोठा असल्याचे दिसून आले. त्यामुळे जगभरातील एकूण चित्र थोडे आशादायक झाले आहे. नोव्हा स्कोशियाचे चित्र मात्र त्याने बदलत नाही, कारण तेथील माहीत असलेली ठिकाणे पुन्हा पुन्हा तपासूनच घट नोंदवली गेली आहे. जेथे एकदा होते तेथे पुन्हा पाहणे आणि जेथे असू शकते तेथे नव्याने पाहणे, ही दोन्ही कामे वेगवेगळी करावी लागतात. पहिल्यावरून घट कळते, दुसऱ्यावरून व्याप्ती.

शोधण्याच्या पद्धतीतही या दोघांत मोठा फरक आहे. शॅमेलिऑनची गणना रात्री करतात. झोपताना तो फांदीच्या टोकाशी येतो, त्याचा रंग फिका पडतो आणि विजेरीच्या प्रकाशात तो पानांमधून उठून दिसतो, त्यामुळे थोड्या सरावाने गावातील तरुणही हे काम चांगले करतात. एरिओडर्मासाठी दिवसा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर, एकेका झाडाची साल सर्व बाजूंनी जवळून पाहावी लागते, आणि पाहणाऱ्याला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर शैवाकांतून ते वेगळे काढता यावे लागते. @हॅलिफॅक्सकर, तुमच्या मंडळात अशा पाहणीसाठी नव्या माणसांना तयार कसे करतात, हे सविस्तर लिहाल का? सह्याद्रीत शैवाकांची नोंद ठेवू इच्छिणाऱ्या आमच्यासारख्या हौशी लोकांना त्याचा थेट उपयोग होईल.

हॅलिफॅक्सकर :

जरूर. नव्या माणसाला आधी दुर्मीळ शैवाक दाखवतच नाहीत. एका हंगामात परिसरातील नेहमीची शैवाके कोरडी आणि ओली, अशा दोन्ही अवस्थांत ओळखायला शिकवतात, कारण एकच जाती दोन दिवशी दोन वेगळ्या जाती वाटू शकते. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि पाण्याची फवारणी करणारी लहान बाटली असते. झाडाची जात, खोडाचा घेर, शैवाकाची उंची आणि दिशा, चकत्या आहेत की नाहीत, शेजारी फ्रुलानिया आहे की नाही, एवढे लिहून छायाचित्र घेतात. नमुना तोडायचा नाही, हा नियम कडक आहे. संशय आला तर जागेची नोंद करून जाणकाराला कळवतात आणि तो स्वतः तेथे येऊन पाहतो. आमच्या नोंदपत्रकाचा नमुना मराठीत करून पुढच्या आठवड्यात येथेच देतो.